माझं अंग आधीच मोकळं होतं

मी बाळ-बाळंतिणीची बाई आहे. घरोघर जाऊन तान्ह्या बाळाला तेल लावायचं, पायावर घेऊन न्हाऊ घालायचं, दुपट्यात घट्ट गुंडाळून आईजवळ द्यायचं आणि मग त्या आईचं अंग रगडायचं, हे माझं काम. खारघर, कामोठे, सीवूड्स, नवी मुंबईत इकडची कितीतरी लेकरं माझ्या पायांवरून उठून शाळेत गेली. माझं वय काही फार नाही, पण या कामात बाई पहिल्या दिवसापासून मावशीच होते.

शाळा सातवीत सुटली, त्यामुळे लिहायचा हात नाही. पण माझ्यावर उपचार केले त्या श्रुती मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुमच्यासारखे सांधे असलेल्या बायका येतात, घाबरून रडतात. मी समजावते ते त्यांना पुस्तकातलं वाटतं. तुम्ही सांगितलं तर पटेल." म्हणून लिहिते. यात औषधांची नावं नाहीत, मला ती कळत नाहीत. माझ्यावरून जे गेलं तेवढंच आहे. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

*

आमचं गाव लातूरकडं, औशाजवळ. लहानपणी पोरींना जमवून मी हाताचा अंगठा मागं वाकवून मनगटाला टेकवून दाखवायची. पोरी ईऽऽ करून पळायच्या आणि परत बघायला यायच्या. बोटांना नुसता हात लावला की कडाकडा वाजायची. लग्नानंतर इकडं आले, या कामाला लागले, तर त्याचा उपयोगच झाला. बाळाची दृष्ट काढताना त्याच्यावरून हात उतरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडतात. जेवढी जास्त वाजली तेवढी मोठी दृष्ट लागली होती असं धरतात. माझी सगळीच्या सगळी वाजायची. बाळाची आजी समाधानानं म्हणायची, "बघा, केवढी लागली होती." आणि आदल्या दिवशी बाळ बघून गेलेल्या शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईवर बिचारीवर आळ यायचा.

पायांचंही तसंच. मी पाय पसरून बसले की गुडघे जमिनीच्या बाजूला दबायचे, टाचा वर उचलल्या जायच्या आणि दोन पायांच्या मध्ये सुपासारखी जागा व्हायची. बाळ त्यात बरोबर बसायचं, हलायचं नाही. बायका कौतुक करायच्या. मलाही वाटायचं, देणाऱ्यानं हे पाय याच कामासाठी दिलेत.

दुखायचं, नाही असं नाही. सपाट रस्त्यावर पाय मुरगळायचा. ओली चादर पिळताना अंगठा जागचा हलायचा, मी तो दाबून परत बसवायची. संध्याकाळी भाकरी थापायला बसले की मान धरून ठेवावीशी वाटायची, जसं काही डोकं माझं नाहीच, कुणाचं तरी सांभाळायला घेतलंय. पण बाईमाणसाला दुखणारच, त्यात काय सांगायचं, असं मनाशी धरलेलं.

*

खारघरला नेहाताईंकडं माझं काम चालू होतं. त्यांचं पहिलं बाळ, वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, बाथरूमची खिडकी उघडी ठेवली की डोंगर दिसायचा. आंघोळीच्या शेवटी बाळाला पालथं करून एका हातावर तोलायचं आणि दुसऱ्या हातानं पाठीवर पाणी घालायचं, ही आमची रीत. मी बाळ डाव्या हातावर घेतलं, तांब्या उचलला, आणि डावा खांदा सरकला.

सरकला हाच शब्द. मोडला नाही, लचकला नाही. ड्रॉवर बाहेर सरकून परत आत जावा तसा. हातातला सगळा जोर गेला आणि बाळ हातावरून घसरून माझ्या पायांमध्ये आलं.

अंतर वीतभरसुद्धा नव्हतं. त्याला काही झालं नाही. रडलंही नाही, पाय झाडत राहिलं. पण मी तिथून हलले नाही. नेहाताई दारातच होत्या. त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्ही केवढ्या पांढऱ्या पडलात. काय झालं?"

मी म्हटलं, "ताई, बाळाला आधी घ्या. आणि उद्यापासून दुसरी बाई बघा."

"अहो, त्याला काही झालेलं नाहीये. बघा ना, हसतोय."

"आज नाही झालं," मी म्हटलं.

त्यांनी चहा केला, मला जबरदस्तीनं बिस्किटं दिली, रिक्षात बसवून दिलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. घरी येईपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर एकच होतं. पाय मध्ये नसते तर? मी उभी असते तर? ओल्या लादीवर असते तर? त्या दिवसापासून मी कुणाचंही मूल हातात घेणं बंद केलं. शेजारणीनं "जरा धर" म्हणून पोर पुढं केलं तरी मी हात मागं घ्यायची. तिला वाटलं, मला गर्व झाला.

*

आम्ही कामोठे गावात बायजाकाकींच्या रूमवर राहतो. काकी इथल्याच, आगरी. पूर्वी त्यांची भातशेती होती, आता तिथं बिल्डिंगी आहेत. मी घरात बसून राहिले तेव्हा पहिल्यांदा त्यांनीच विचारलं, "काय गो सुमन, हात कशाला पोटाशी धरलास? कामाला नाय जात तू?"

एक्स-रे काढला, हाडात काही नाही. रक्त तपासलं, रक्तात काही नाही. एक डॉक्टर म्हणाले कॅल्शियम घ्या, एक म्हणाले टेन्शन घेऊ नका. टेन्शन मी घेतच होते, ते कसं नाही घ्यायचं ते कुणी सांगितलं नाही. पल्लवीचे पप्पा, म्हणजे माझे मालक, कळंबोलीला लोखंड बाजारात हायड्रा चालवतात. हायड्रा म्हणजे लोखंडाचे गठ्ठे उचलून नेणारी क्रेन. दिवसभर उन्हात, आवाजात. घरी आले की त्यांना मी तशीच बसलेली दिसायची. एकदा गावाकडं भावाशी फोनवर बोलताना ऐकलं, "काय म्हाईत बाबा काय झालंय. सगळे रिपोर्ट नॉर्मल हाईत. दिसायला तर धडधाकट दिसायली."

त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. मलाही तसंच वाटत होतं. ज्याला नाव नाही ते दुखणं सांगायचं कसं? मी सांगायचंच सोडलं. पल्लवी, आमची मुलगी, नववीला आहे, ती शाळेतून येऊन पाणी भरायची, भांडी करायची, आणि काही बोलायची नाही. तिचं न बोलणं मला जास्त लागायचं.

शेवटी एका हाडाच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. एका कॉलेजच्या फिजिओथेरपीच्या ओपीडीत जा म्हणाले.

*

तिथं बाकावर बसले आणि भोवती बघितलं. समोर एका आजोबांची अर्धी बाजू गेलेली, एक बाई वॉकर धरून चालत होती, एक तरुण मुलगा व्हीलचेअरवर. मला वाटलं, डॉक्टरांनी माझ्यापासून लपवलंय. मला लकवा होणार असेल म्हणूनच इथं पाठवलं. उठून जाणार होते. तेवढ्यात नाव पुकारलं.

श्रुती मॅडम माझ्याहून लहान. केस वर बांधलेले, पायात स्पोर्ट्सचे बूट. त्यांनी कुठं दुखतं ते विचारलंच नाही आधी. म्हणाल्या, "मावशी, अंगठा मागे मनगटाला लागतो?" मी लावला. दोन्ही हातांचा. "करंगळी मागे किती जाते?" उभी राहिली काटकोनात. कोपर सरळ करा म्हणाल्या, ते सरळच्या पुढं गेलं. गुडघेही मागं गेले. "आता पाय न वाकवता तळहात जमिनीला लावा." मी सबंध पंजा टेकवला आणि वर बघितलं. बाजूला शिकणाऱ्या मुली उभ्या होत्या, त्या एकमेकींकडं बघत होत्या. शाळेत मला कधी कशात पैकीच्या पैकी पडले नव्हते. मला फार बरं वाटलं.

मी विचारलं, "मग मॅडम, मला काही आजार नाही ना? मला तर सगळं जमलं."

त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्या समोर बसल्या. "मावशी, हे जमायला नको होतं."

मग त्यांनी समजावलं. हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या ज्या दोऱ्या असतात त्या माझ्या जन्मापासून सैल आहेत. म्हणून सांधा जिथं थांबायला पाहिजे तिथं थांबत नाही. दोरीचं काम स्नायूंना करावं लागतं. ते बिचारे रात्रंदिवस राबतात, दमतात, आणि दुखतं ते त्यांचं दमणं. एक्स-रेत ते दिसत नाही.

"म्हणजे मी नाटक करत नाही," मी म्हटलं.

"कोण म्हणालं तुम्ही नाटक करता?"

मला रडू आलं. कुणी म्हणालं नव्हतं. मीच म्हणत होते स्वतःला.

डोळे पुसून झाल्यावर विचारलं, "दोऱ्या घट्ट करता येतात?"

"नाही. पण आजूबाजूच्या स्नायूंना पहाऱ्याला बसवता येतं. वेळ लागेल."

"मला परत बाळ धरता येईल?"

बाकीच्या सगळ्या प्रश्नांना त्यांनी लगेच उत्तर दिलं होतं. या प्रश्नाला थोडं थांबल्या. म्हणाल्या, "आज नाही सांगता येणार. खोटं नको सांगायला." मला तो मॅडमचा मोठेपणा वाटला. तोपर्यंत मला सगळे 'होईल, होईल' म्हणून वाटेला लावत होते.

*

मी समजत होते, व्यायाम म्हणजे घाम. इथं काहीच नाही. आरशासमोर उभं राहायचं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती हळूच दाबायची. रबरी पट्टा धरून खांद्याची पाती मागं घ्यायची, तीही जराशीच. बाजूच्या आजोबांची कसरत माझ्यापेक्षा जोरात चालायची.

सगळ्यात अवघड काय होतं, तर सरळ उभं राहणं. मी उभी राहिले की मॅडम म्हणायच्या, "गुडघे लॉक करू नका, मावशी. सोडा थोडे. अजून. हां, हे सरळ." आणि मला वाटायचं, मी खाली वाकून उभी आहे, कुणाच्या शेतातल्या शेंगा चोरायला निघाल्यासारखी. आरशात बघितलं तर सरळ. डोळे मिटले की परत वाकडी. आयुष्यभर मी ज्याला सरळ समजत होते ते सरळच्या पलीकडं होतं. माझ्या गुडघ्यांना सरळ म्हणजे कुठवर, हे ठाऊकच नव्हतं.

घरी सांगितलं, "माझे गुडघे लॉक होतात म्हणे."

पल्लवीचे पप्पा जेवत होते. म्हणाले, "मग चावी कुणाकडं दिलीस?"

पल्लवीला हसू आवरेना. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी आमच्या घरात तिघं एकदम हसलो, म्हणून हा फालतू विनोद लिहून ठेवते.

*

आता माझी चूक सांगते. ही चूक माझ्यासारखीच बाई करू शकते, म्हणून नीट वाचा.

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, अंग मोकळं करणं. बाळ रडतंय, अंग मोकळं करा. बाळंतीण आखडली, अंग मोकळं करा. तेल लावून हातपाय ओढले, पाठ दाबली, चार ठिकाणी कटकट वाजलं की माणूस म्हणतं, आता बरं वाटलं. माझी सगळी विद्या या एका शब्दात आहे. त्यामुळं मॅडमच्या त्या जराशा व्यायामावर माझा विश्वासच बसेना. मला तर सगळं अंग आखडल्यासारखं वाटत होतं. मान दगड, पाठ दगड. मला वाटलं, व्यायाम वेगळा आणि मोकळं करणं वेगळं, दोन्ही केलं तर लवकर बरी होईन.

बायजाकाकींना म्हटलं तर त्या तयारच. "ये, बस खाली. तुझा आंग असा मोकला करते, त्या मॅडमला सांग येऊन बघ म्हनावं." खोबरेल कोमट केलं, घरापुढच्या ओटीवर चटई टाकली. काकींच्या हाताला अजूनही शेताचा जोर आहे. पाठ दाबली, मान वळवली, आणि मग मीच म्हटलं, "काकी, हात जरा ओढा. अजून. अजून थोडा." ओढताना फार सुख वाटलं. ते सुख आमच्यासारख्यांना फसवतं.

तोच डावा खांदा सरकला. या वेळी आपोआप परत गेला नाही. काकींच्या हातात माझा हात तसाच, आणि त्या ओरडल्या, "अगो बाय, मी काय केला!"

दवाखान्यात नेईपर्यंत रिक्षात त्या माझं कोपर दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या आणि मलाच विचारत होत्या, "दुखतंय का गो? मना काय ठाव. मना वाटला, तू बोलतेस तर..." मी म्हणत होते, "काकी, तुमचं काही नाही, मीच म्हटलं ओढा." दोघी रडत होतो आणि रिक्षावाला आरशातून बघत होता. त्याला वाटलं असेल सासू-सून.

खांदा बसवला. हात गळ्यात अडकवून दिला. मॅडमकडं परत जायला तोंड नव्हतं. गेले. वाटलं, आता बोलणी बसणार.

मॅडम म्हणाल्या, "आखडलंय असं वाटतं ना, ते खरंच आहे. स्नायू घट्ट धरून बसलेत, कारण त्यांनी सोडलं तर सांधा निघेल. तुम्ही त्यांनाच ढिलं करायला सांगता. दाराला कडी नाही म्हणून माणूस पाठ लावून बसलाय, आणि तुम्ही त्याला म्हणता, ऊठ, जरा फिरून ये."

मी गळ्यात अडकवलेल्या हाताकडं बघितलं.

"मावशी, तुमचं अंग आधीच मोकळं आहे. आपल्याला ते बांधायचंय."

इतकी वर्षं मी दुसऱ्यांचं अंग मोकळं करून पोट भरलं. माझं स्वतःचं त्याच्या उलटं आहे, हे कळायला खांदा जावा लागला. बोटं मोडायचीही बंदी झाली. काकींना त्याचीच काळजी पडली. "मग दिस्ट कशी काढशील गो?" मी म्हटलं, "मीठ-मोहरीनं." "ती बरी," त्या म्हणाल्या, "निदान शेजारच्या बाईचं नाव तरी नाय येत."

*

हात गळ्यात होता म्हणून पल्लवीचे पप्पा एकदा माझ्याबरोबर ओपीडीत आले. दाराशीच उभे राहिले, हात मागं बांधून, साहेबाच्या ऑफिसात उभे राहतात तसे. मॅडमनी त्यांना जवळ बोलावलं. माझा हात गळ्यातून काढून सैल सोडायला सांगितला आणि खांद्यावर त्यांचं बोट ठेवलं. हाड जरा खाली उतरलं तिथं बोट आत गेलं. एक खळगा. त्यांनी बोट लगेच काढून घेतलं.

"असं... असं रोजच होतं हिला?"

"रोज नाही, पण होऊ शकतं. म्हणून हात लांब करून वजन उचलायचं नाही."

ते त्याच बोटाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आमच्या हायड्राच्या लांब हातासारखं, बूमसारखं. बूम पूर्ण लांब काढला की गाडी लोड घेत नाही. घेतला तर गाडीच पुढं कलंडते. जवळ घेऊनच उचलावं लागतं."

मॅडम म्हणाल्या, "एकदम करेक्ट. घरी हेच सांगत जा त्यांना."

तेव्हापासून घरात मी हंडा उचलायला हात पुढं केला की आतून आवाज येतो, "बूम!" सुरुवातीला राग यायचा. आता मी मुकाट्यानं हंड्याजवळ जाते, कोपर अंगाशी घेते. भावाशी फोनवर काय बोलतात ते आता मी ऐकायला जात नाही. एकदा कानावर आलं तेवढं सांगते. "नाटक नाही बाबा. मी सोता बोट घालून बघितलंय."

*

हे घराण्यात येतं, मॅडम म्हणाल्या. मी पल्लवीचा अंगठा वाकवून बघितला, तो निम्म्यावरच थांबला. मी तिचा अंगठा धरून कितीतरी वेळ बसले, ती म्हणाली, "मम्मी, सोड ना आता."

मग गावाकडं आईला फोन लावला.

"आई, तुझा अंगठा मागं वाकवून मनगटाला लागतो का बघ."

"आता ह्या वयात कायचे खेळ लावलीस गं माय?"

"बघ तर."

जरा वेळ नुसता बांगड्यांचा आवाज. "लागला की. त्यात काय, सगळ्यायचाच लागतो."

"नाही आई. सगळ्यांचा लागत नाही."

मी तिला सांगितलं, मॅडमनी मला सांगितलं तसंच, दोऱ्यांचं. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझ्या हातातून घागर सुटायची बघ. इहिरीवरल्या बायका म्हणायच्या, हिच्या हातात जीवच न्हाई. मी बी म्हणायची, आसंल. आपूनच निकामी."

"तू निकामी नव्हतीस."

"हाव," ती म्हणाली. "आता कळालं की." आणि मग लगेच, "तू जेवलीस का?"

एवढ्या लांबून मी तिचं काही करू शकत नाही. पण टॉवेलच्या गुंडाळीचा व्यायाम मी तिला फोनवर शिकवला. टॉवेल नाही म्हणाली, जुनं लुगडं घेतलं. करते म्हणते. करत असेल.

*

हात गळ्यातून सुटला, पट्ट्याचा रंग बदलला, म्हणजे आधीपेक्षा जाड पट्टा मिळाला. मग एक दिवस मॅडम म्हणाल्या, "आता दाखवा, बाळाला न्हाऊ कसं घालता."

मी जमिनीवर पाय पसरून बसले, आणि त्यांनी डोक्याला हात लावला. माझी सुपासारखी जागा! गुडघे उलटे दाबूनच ती होत होती. मग आम्ही दोघींनी मिळून नवीन रीत बसवली. गुडघ्यांखाली घट्ट गुंडाळी. पाठ भिंतीला. कोपर मांडीवर टेकलेलं. बाळाला पालथं करायचं ते हातावर तोलून नाही, मांड्यांवरच. तांब्या लहान, अर्धाच भरलेला. आणि दमायच्या आधी थांबायचं. हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं. आम्ही बायका दमल्यावरसुद्धा थांबत नाही, तर आधी कुठून थांबणार?

"पण दमायच्या आधी कळणार कसं, मॅडम?"

"कळेल. एवढे दिवस आपण तेच तर करतोय. खांदा कुठे आहे ते तुमच्या डोक्याला शिकवतोय."

सराव करायला बाळ कुणाचं मागणार? तांदळाची प्लॅस्टिकची बंद पिशवी घेतली, पल्लवीच्या जुन्या फ्रॉकमध्ये गुंडाळली आणि मोरीत बसून तिला न्हाऊ घालायला लागले. बायजाकाकी दारातून बघत उभ्या राहिल्या.

"काय गो, ही तांदूल धुवायची कुठली रीत? तुमच्या लातूरची?"

"काकी, हे बाळ आहे."

"आस्सं. मग भात कधी, बारशाला?"

काकी हसून गेल्या. पण दुसऱ्या दिवशी स्वतःच येऊन बसल्या आणि सांगायला लागल्या, "खांदा वर चरला तुझा. खाली घे. हां." ओटीवरच्या त्या दिवसानंतर त्यांना माझा खांदा माझ्यापेक्षा जास्त पाठ झाला होता.

*

काकींची मुलगी हेमा बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. घरी आणल्यावर काकी माझ्याकडं आल्या. "सुमन, उद्या पानी तू घालायचा."

मी नाही म्हटलं. दुसरी चांगली बाई आहे, नंबर देते म्हटलं. काकी ऐकेनात. "मना दुसरी नको."

"काकी, तुम्ही स्वतः बघितलंय ना काय झालं होतं? तुमच्या हातात होता माझा हात."

"म्हनून तर सांगते. मी बघितलाय. दुसरीचा काय बघितलाय मी?"

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "बसून, गुंडाळी घेऊन, शेजारी कुणीतरी बसवून. करून बघा." त्यांनी 'होईल' म्हटलं नाही. करून बघा म्हटलं.

सकाळी मोरीत बसले. पाठ भिंतीला, गुडघ्यांखाली गुंडाळी. काकी शेजारी पाटावर, हेमा दारात खुर्चीवर. बाळ माझ्या पायांवर ठेवलं तेव्हा पहिल्यांदा मी श्वास धरून ठेवला. तांदळाची पिशवी आणि बाळ यात फार फरक असतो. पिशवी आपल्याकडं बघत नाही.

तेल लावलं. छाती, पोट, पाय. हाताला सगळं आठवत होतं. पाणी घातलं, त्यानं डोळे मिचकावले, तोंड वाकडं केलं आणि नाकाडोळ्यांतून पाणी काढत एकदा जोरात रडलं. हेमा खुर्चीतून उठायला लागली. काकी म्हणाल्या, "बस तू. रडला तर छाती मोकली होते त्याची." मी त्याला हळूच मांड्यांवर पालथं केलं. एक हात छातीखाली, एक हात तांब्याला.

आणि डाव्या खांद्यात काहीतरी झालं. दुखलं नाही. सरकलं नाही. खांद्याच्या मागं एक बारीकशी थरथर, कुणीतरी पदराला हळूच ओढावं तशी. पूर्वी ही थरथर होत नसेल असं नाही. मला ती कधी कळलीच नव्हती. मला सगळं घडून गेल्यावरच कळायचं.

मी तांब्या खाली ठेवला.

"काकी, बाळ घ्या."

त्यांनी लगेच ओलं बाळ उचलून पदरात घेतलं. मग विचारलं, "काय झाला गो?"

"अजून काही नाही झालं," मी म्हटलं.

हात मांडीवर सोडला. पाती मागं घेतली, खांदा खाली आणला, कोपर अंगाशी. दोन-चार श्वास घेतले. हेमा दारातून माझ्याकडं बघत होती. पहिलटकरीण ती, तिचा जीव तिच्या डोळ्यांत होता, आणि तिनं बाळ परत मागितलं असतं तरी मला वाईट वाटलं नसतं. थरथर गेली. मी तिची वाट बघितली, परत येते का. नाही आली.

"द्या," मी म्हटलं.

काकींनी आधी माझ्या खांद्याकडं बघितलं, मग हेमाकडं. हेमानं मान हलवली. काकींनी बाळ माझ्या मांड्यांवर पालथं ठेवलं, मी छातीखाली हात घातला आणि तांब्या उचलला. पाणी अजून कोमटच होतं.